अण्णांच्या कपाळावरची नागीण

चामराजपेटेतल्या आमच्या घरात दोन तऱ्हांची मराठी नांदायची आणि दोन तऱ्हांचा स्वयंपाक. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्यांची बहीणही अण्णाच म्हणायची आणि गल्लीतले कानडी शेजारीही. त्यांचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते कुणालाच धड सांगता येत नसे. "कुठल्याशा फौजेबरोबर आलो आणि फौज परत गेली," एवढंच अण्णा म्हणत. त्यांच्या बोलण्यात 'जरा'ऐवजी 'स्वल्प थांब', 'बरं'ऐवजी 'सरी' असे शब्द इतके मुरलेले होते की ते कानडी आहेत हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आई मात्र निपाणीकडची. लग्न होऊन इथं तिला चोवीस-पंचवीस वर्षं झाली होती तरी तिची बोली तिनं सोडली नव्हती आणि भाकरीही. अण्णांना दुपारी नाचणीच्या उकडीचा गोळा, म्हणजे रागीमुद्दे, आणि पातळ आमटीसारखं सारू लागायचं, आईला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यामुळे सकाळी आमच्या स्वयंपाकघरातून आधी भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि मग रागीचं पीठ लाकडी काठीनं घोटल्याचा. अक्का आणि मी दोन्ही खायचो. लोक विचारत, तुम्ही नेमक्या कुठल्या, तर आम्ही म्हणायचो, जेवायला बसल्यावर सांगू.

अण्णा सिटी बसचे ड्रायव्हर होते. मार्केट ते इंदिरानगर हा त्यांचा मार्ग. पहाटे अजान व्हायच्या सुमाराला ते उठत आणि आईनं कांजीची खळ देऊन इस्त्री केलेला खाकी शर्ट घालून निघत. गणवेश अंगावर चढला की ते बोलणं जवळजवळ बंद करत. एकदा शाळेत जाताना मी त्यांच्याच बसमध्ये चढले आणि पुढं जाऊन त्यांच्याशी बोलायला लागले, तर त्यांनी मान वळवली नाही. संध्याकाळी म्हणाले, "गाडीत मी तुझा बाप नाही. गाडीत बसलेल्या सगळ्यांचा ड्रायव्हर आहे." पण घरी आल्यावर शर्ट खुंटीला लावला की हाच माणूस आमच्याशी पत्ते खेळायचा आणि हरला की खोटं खोटं रुसायचा.

त्या वर्षी अक्का सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचं सासर इंदिरानगरात, म्हणजे अण्णांच्या बसच्या शेवटच्या स्टॉपपासून दोन गल्ल्या. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. घरात डिंकाचा वास भरलेला होता, आई जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत होती आणि अण्णा कधी नव्हे ते रस्त्यात थांबून लाकडी खुळखुळे बघायला लागले होते. अशात एका संध्याकाळी ते घरी आले आणि डाव्या बाजूचं डोकं धरून बसले. म्हणाले, केसांतून कुणीतरी जळती काडी फिरवतंय असं वाटतंय. आईनं सुंठ उगाळून लावली. दुसऱ्या दिवशीही ते तसेच कामावर गेले. त्यानंतरच्या सकाळी दाढी करताना त्यांना कपाळावर लालसर पुरळ दिसलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचे पाण्याचे फोड झाले. विशेष म्हणजे सगळे डाव्या बाजूला. कपाळाच्या मधोमध कुणी दोरी धरून आखावं तसे ते थांबले होते, उजवीकडे एकही नाही.

शेजारच्या गल्लीत राहणारी आमची गंगूअत्या बघायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. "सर्पसुत्तु," ती म्हणाली. आपण मराठीत नागीण म्हणतो ती. अंगाभोवती वेटोळं घालत जाते आणि तोंडाला शेपूट लागलं की माणूस जातो, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. अत्या अण्णांहून लहान, पण ती लवकर विधवा झाली होती आणि अण्णांनीच तिला सांभाळलं होतं. त्यामुळे तिचा जीव त्यांच्यावर आईसारखा होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्यांना मार्केटच्या मागच्या एका अज्जाकडे, नागीण उतरवणाऱ्या म्हाताऱ्याकडे, घेऊन गेली. मीही बरोबर होते. अज्ज मायाळू माणूस होता. त्यानं दूर्वांच्या रसात गेरू कालवला, तोंडानं काही पुटपुटत फोडांवर लेप दिला आणि अंघोळ करू नका, तिखट खाऊ नका, तीन दिवस येत राहा असं सांगितलं. अण्णा कपाळ लाल करून घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

घरात आल्याबरोबर अत्यानं अक्काला आतल्या खोलीत पाठवलं. गरोदर बाईची सावली पडली की साप आंधळा होतो असं म्हणतात. अत्याचं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं होतं. नागीण आंधळी झाली तर ती चिडून माणसाचे डोळे मागते. अक्काला हसू आलं, पण अत्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून ती आत गेली. तिथून ती दाराच्या फटीतून मला खुणा करून विचारायची, आता कसं आहे? मी हातानंच सांगायची, तसंच आहे.

पण तसंच नव्हतं. अत्यानं त्यांना दुसऱ्या दिवशीही लेप लावून आणलं आणि त्या संध्याकाळी अण्णांची डावी पापणी इतकी सुजली की डोळा मिटला. उजेड सोसेना. दार उघडलं की ते हातानं तोंड झाकत. तिसऱ्या सकाळी आई त्यांना चहा द्यायला वाकली आणि तशीच त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. नाकाच्या शेंड्यावर, जिथं गेरू पोचला नव्हता तिथं, एक नवा फोड आला होता. तिनं बोटानं हलकेच त्यांची पापणी वर केली. आत डोळा लाल भडक होता. ती उठली आणि तिनं पायात चपला घातल्या. तेवढ्यात अत्या दारात आली, नेहमीसारखी अण्णांना न्यायला.

"आज गेरू न्हाई, गंगूबाई," आई म्हणाली. "आज डोळ्याचा दवाखाना."

अत्या म्हणाली की आजचा तिसरा दिवस आहे, आज नेलं नाही तर आधीचे दोन दिवस वाया जातील, नागीण उलटेल. एरवी आई अत्यापुढे बोलत नसे. घरात नवी आलेली सून असल्यासारखी ती तिच्याशी इतकी वर्षं वागली होती. त्या दिवशी ती दार अडवून उभी राहिली.

"माझ्या श्रीपतीच्या वक्ताला घरातल्या समद्यांनी वाट बघितली. आता म्या वाट बघायची न्हाई."

श्रीपतीमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दर वर्षी एकदा आमच्याकडे यायचा तेव्हा आईचा हात धरून रस्ता ओलांडायचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत पांढरं फूल पडलेलं होतं. त्याला फक्त उजेड आणि अंधार कळे. हे कशानं झालं ते आम्हाला माहीत होतं, पण आईच्या तोंडून मी ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. मामा चार वर्षांचा असताना त्याला गोवर आला. देवी आली म्हणून घरच्यांनी त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, लिंबाचा पाला टांगला, दूध-तूप बंद केलं. डोळे चिकटले तेव्हा कुणी म्हणालं, ताप उतरला की उघडतील. आई तेव्हा आठ वर्षांची. ती पाल्याच्या डहाळीनं त्याला वारा घालत बसायची. ताप उतरला, डोळे उघडले, आणि श्रीपतीनं विचारलं, अजून रात्रच आहे का. हे सगळं आईनं दारात उभं राहून, अजिबात आवाज न चढवता सांगितलं. अत्या ऐकत राहिली. आत अण्णा भिंतीचा आधार घेत उठले होते. ते म्हणाले, "गंगू, मी हिच्याबरोबर जातो." अत्या उंबऱ्यातूनच परत गेली. तिची पाठ मला अजून दिसते.

डोळ्यांचं सरकारी हॉस्पिटल आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं, पण अण्णांना ऊन सोसत नव्हतं म्हणून ऑटो केली. डोक्यावरून टॉवेल घेऊन ते मधे बसले, एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला मी. तिथं खूप गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा समोर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आईचं कानडी निपाणीकडचं, तिकडच्या हेलाचं. बेंगळुरातल्या लोकांना ते ऐकून हसू यायचं, म्हणून परक्यांपुढे ती कमीच बोलायची. तिनं एक वाक्य बोलल्याबरोबर डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि त्याच हेलात विचारलं, "तुम्ही आमच्याकडच्या का?" त्या धारवाडच्या होत्या. त्यानंतर आईनं माझी वाट बघितली नाही, सगळं स्वतःच सांगितलं.

त्यांनी गेरू ओल्या कापसानं हळूहळू पुसून काढला. कुणालाही बोल लावला नाही. नाकावरचा फोड बघून मात्र त्या गंभीर झाल्या. अंधाऱ्या खोलीत नेऊन अण्णांची हनुवटी एका यंत्रावर टेकवली, डोळ्यात नारिंगी थेंब घातला आणि निळा उजेड टाकून बराच वेळ बघितलं. मग आम्हाला बसवून समजावलं. ही नागीण नव्हे, कांजिण्या आहेत. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचे जंतू मरत नाहीत, नसेच्या मुळाशी झोपून राहतात. वय झालं, थकवा आला की कधीतरी ते जागे होतात आणि त्याच एका नसेच्या वाटेनं बाहेर येतात, म्हणून फोड एकाच बाजूला. नाकाच्या शेंड्याला जाणारा आणि डोळ्याच्या आत जाणारा फाटा एकाच नसेचा, म्हणून नाकावर फोड दिसला की डोळ्याची काळजी घ्यायची. बुबुळाच्या काचेवर व्रण उठला होता आणि आतही सूज होती. या जंतूंवर आता गोळी निघाली आहे, म्हणाल्या, पण फोड उठल्यापासून ती जितक्या लवकर सुरू होईल तितकी चांगली. "आज आणलंत हे बरं केलंत."

मग त्यांनी विचारलं, घरी लहान मूल, गरोदर बाई कुणी आहे का? मी अक्काचं सांगितलं. ज्या बाईला कांजिण्या कधीच आल्या नाहीत तिला या फोडांतून त्या येऊ शकतात आणि गरोदरपणात ते वाईट, असं त्या म्हणाल्या. आई क्षणभरही थांबली नाही. अक्काला आणि मला एकाच उन्हाळ्यात आल्या होत्या, दोघींना तिनं एकाच पलंगावर झोपवलं होतं, माझ्या भुवईत त्याचा खड्डा अजून आहे. डॉक्टरीणबाई माझ्या भुवईकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या की मग फारशी भीती नाही. तरी खपल्या धरेपर्यंत लेकीनं बापापासून जरा लांबच राहावं. घरी येऊन हे सांगितल्यावर अक्का म्हणाली, "म्हणजे अत्या आणि डॉक्टर, दोघींनीही मला आतच बसवलं."

इतक्या वर्षांनी, आता मागच्या वर्षी, माझ्या दंडावर याच नागिणीची लस टोचली. पन्नाशीनंतरच्या माणसांसाठी ती आता आपल्याकडेही मिळते, काही महिन्यांच्या अंतरानं दोन टोचण्या. रात्री थोडी कणकण आली, हात दुखला, दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले. नर्सला मी विचारलं, ही आधी कुठं होती गं? तिला वाटलं मी दवाखान्याचा साठा विचारतेय. ती म्हणाली, फ्रीजमध्येच होती मॅडम.

अण्णांना दवाखान्यातून आणल्यानंतरचे काही आठवडे आमचं घर अर्ध्या अंधारात होतं. आईनं खिडक्यांना जुनी लुगडी बांधली. भल्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या दिवसातून पाच वेळा द्यायच्या, डोळ्यात मलम घालायचं, बाहुली मोठी करणारे थेंब वेगळे. आईला घड्याळापेक्षा कानांवर जास्त भरवसा. पहिली गोळी दूधवाल्याच्या घंटीबरोबर, दुसरी समोरच्या शाळेची मधली सुट्टी झाली की, मग दुपारची अजान, मग संध्याकाळी देवळातला नगारा, शेवटची रेडिओवरच्या कानडी बातम्या संपल्यावर. अण्णा काळा चष्मा लावून भिंतीशी बसून असत. दुखणं असं होतं की कपाळावर वाऱ्यानं केस हलले तरी ते कळवळत. पण रस्त्यावरून बस गेली की ते आवाजावरून सांगत, हिचा क्लच गेलाय, ही नवी आहे, हा पोरगा गिअर ओढून टाकतो, गाडीवर प्रेम नाही त्याचं. अक्का दाराच्या आतल्या बाजूला पाट टाकून बसायची आणि त्यांना कानडी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. मधेच बाळानं लाथ मारली की ती थांबायची आणि अण्णा विचारायचे, आता काय म्हणतोय?

अत्या आली नाही. दाराची कडी वाजली की अण्णा मान तिकडं वळवत. एका दुपारी ती आली, हातात केळीच्या पानात गुंडाळलेली तांदळाच्या पिठाची अक्कीरोट्टी. अण्णांच्या कपाळावरचे फोड सुकून त्यांवर खपल्या धरत होत्या. ती खूप वेळ त्यांच्यासमोर बसून राहिली आणि रोट्टीचे तुकडे करून त्यांना देत राहिली. तेवढ्यात अजान सुरू झाली. आई स्वयंपाकघरात होती, मी उठायच्या आत अत्यानं कोनाड्यातली गोळ्यांची पट्टी हातात घेतली होती. "वैनी, हीच ना?" तिनं विचारलं. त्या दिवसापासून दुपारची गोळी अत्याची झाली.

अक्काला मुलगा झाला तेव्हा अण्णांच्या कपाळावर फक्त फिकट डाग उरले होते. पण डोळा बरा नव्हता. फोड गेल्यावर काही आठवड्यांनी तो पुन्हा लाल झाला, आतली सूज परत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे असं होतं, हा आजार जाताना मागं वळून बघतो. त्यांनी नवे थेंब दिले आणि बजावलं की ते एकदम बंद करायचे नाहीत, आम्ही सांगू तसे हळूहळू कमी करायचे. बुबुळावर धुकट डाग राहिला होता. डाव्या डोळ्यानं अण्णांना आमचे चेहरे वाफ धरलेल्या काचेतून बघावेत तसे दिसत. उजवा उत्तम होता. पण बस चालवायला दोन्ही लागतात. कामावर परत जायचं तर खात्याच्या डॉक्टरांपुढे डोळ्यांची तपासणी होणार होती आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

बोलली ती अत्याच. तिनं कुठूनतरी ऐकलं होतं की तपासणीत भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात आणि ती सगळीकडे सारखीच असतात. सुधीला पाठवून ती उतरवून आणू, अण्णांनी पाठ करावीत, असं तिनं सुचवलं. सुधी म्हणजे मी. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही, खरं सांगायचं तर मला ते फार शहाणपणाचं वाटलं. अण्णा बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "अक्षरं पाठ करीन गं गंगू. पण चेंडूमागं रस्त्यावर येणारं पोर कसं पाठ करू?"

ते तपासणीला गेले आणि नापास होऊन आले. त्यांना डेपोत बसवलं, सुटे भाग देण्याघेण्याच्या खिडकीवर. रोज सकाळी आई तसाच कांजीचा शर्ट द्यायची आणि ते तसाच तो घालून जायचे. संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास असायचा. पत्ते खेळणं बंद झालं होतं. मला वाटतं, त्या महिन्यांत ते पहिल्यांदा म्हातारे दिसले. पण दर थोड्या दिवसांनी आई त्यांना त्या डॉक्टरीणबाईंकडे नेत राहिली. बाई यंत्रातून बघायच्या आणि आपल्या धारवाडी हेलात म्हणायच्या, धुकं विरतंय, घाई करू नका. आई घरी येऊन मला विचारायची, तुला काय वाटतं, विरत असंल? मी म्हणायची, बाई खोटं कशाला बोलतील. एका संध्याकाळी अण्णा अंगणात बाळाला पायांवर घेऊन बसले असताना त्यांनी उजवा डोळा हातानं झाकला, बराच वेळ बघत राहिले आणि आत येऊन आईला म्हणाले, "ह्याच्या गालावर तीळ आहे. आज डावा डोळाही तेच सांगतोय." आईनं चुलीवरचं सारू उतरवलं आणि पदरानं तोंड पुसलं. पुढच्या तपासणीत ते पास झाले. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की सोमवारपासून मार्केट ते इंदिरानगर.

अक्का तोवर बाळाला घेऊन सासरी गेली होती. बाळाला नववा महिना पुरा झाला तसा आईनं निरोप धाडला, गोवराच्या टोचणीला मी येणार. अक्कानं कळवलं की दवाखाना समोरच आहे, तू एवढ्या लांब कशाला येतेस. आई ऐकणारी नव्हती. ठरल्या दिवशी तिनं इरकली लुगडं नेसलं आणि मला बरोबर घेऊन मार्केटला आली. आम्ही ज्या बसमध्ये चढलो ती अण्णांची होती. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही आणि आम्हीही हाक मारली नाही. आई पुढच्या बाजूला, बायकांच्या जागेवर बसली. सगळा वेळ ती समोरच्या आरशात दिसणाऱ्या त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. एका सिग्नलजवळ एक सायकलवाला डावीकडून अचानक आडवा आला. बस कुणाला धक्काही न लागता थांबली, सायकलवाला गेला, बस सुरू झाली. आई माझ्या हातावर हात ठेवून बसली होती, तो तिनं काढून घेतला.

दवाखान्यात बाळाला आईच्याच मांडीवर घेतलं. नर्सनं दंडावर सुई टोचली आणि त्यानं हंबरडा फोडला. मग तिनं त्याच्या उघड्या तोंडात चमच्यानं पिवळं औषध घातलं. हे कशाचं, आईनं विचारलं. नर्स म्हणाली, हे व्हिटॅमिन, गोवराच्या टोचणीबरोबर देतो, डोळे चांगले राहतात. बाळाचं रडणं थांबलं तरी आई उठेना. अक्का घाबरून विचारायला लागली, काय झालं गं? आई रडत होती. मी तिला त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं, अण्णांच्या आजारातही नाही. ती म्हणाली, "काय न्हाई. श्रीपतीला सांगायला पाहिजे, असं आता मिळतंय म्हणून." मग तिनं बाळाचं तोंड पुसलं आणि नर्सला विचारलं, पुढची टोचणी कधी?

परत जाताना शेवटच्या स्टॉपवर अण्णांची बस उभी होती. ते आपल्या जागेवर बसून फ्लास्कमधला चहा पीत होते. आम्हाला चढताना बघून त्यांनी कप खाली ठेवला. अंगात गणवेश होता, गाडीत माणसं होती, तरी त्यांनी मान वळवली.

"झालं?"

"झालं," आई म्हणाली. "रडला थोडा, मग दूध प्याला."

"सरी," अण्णा म्हणाले, आणि गाडी सुरू केली.